गळ

शनिवारी भाताची गिरणी थांबली
की टिकाराम कोंड्याची पोती भिंतीकडे सारतो
आणि तोलकाट्याच्या पत्र्यावर मी नकाशा पसरतो.
वीस बाजूंचा फासा एकच.
तो पवनीला कुरिअरवाल्याकडे बारा दिवस पडून होता.
बाकी चिंचोके, एका बाजूनं घासलेले :
पांढरं पडलं तर वार लागला,
काळं पडलं तर बोंबला.

टिकाराम खेळात राजवैद्य आहे, औषध कुणालाच देत नाही.
हेमलता आशाताई, तिच्या कमरेला दोन तलवारी.
लीलाधर दिवसभर टपाल वाटतो, रात्री चोर.
आणि सुकरू डहारे,
पूल झाला तेव्हापासून ज्याची नाव काठावर पालथी आहे,
तो नुसता बघायला येतो. बिडी विझवून दारात बसतो.

आठवडाभर मी तीन गळ घासले होते :
विहिरीच्या तळाशी पाण्यात जळणारा दिवा,
मेलेल्या सरदाराच्या मुठीत अर्धं पत्र,
बाजारात एक बाई, तिच्या सावलीला डोकं नाही.

दिवा?
“जळू दे ना बे, आपलं काय जाते.”
पत्र?
लीलाधरनं उलटंपालटं केलं :
“पत्ता नाही. परत पाठवा.”
बाईजवळ हेमलता थांबली. मला वाटलं, लागला मासा.
तिनं बाईच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या,
म्हणाली, “रक्त कमी आहे,”
आणि पुढे गेली.

पुढे म्हणजे मुरमुरेवाल्याकडे.
बाजार रिकामा वाटू नये म्हणून
मी एका वाक्यात बसवलेला माणूस.
“नाव काय तुमचं?”
त्याला नाव नव्हतं.
मी इकडं तिकडं पाहिलं, पोत्यावरचं वाचलं :
“चिन्नोरजी.”
“चिन्नोरजी, तुम्ही डाव्या हातानं काहून मोजता?”
मी बोलताना माझा डावा हात हलला होता,
एवढंच.
पण आता त्याचा उजवा हात कुठंतरी गेलेला होता
आणि तो कुठं गेला हे
गिरणीत कुणालाच माहीत नव्हतं,
मला तर नाहीच.

मागच्या वर्षी असं झालं असतं
तर मी बाजारावर धुकं सोडलं असतं,
रस्ते बंद, पूल पडलेला, मागं लांडगे,
एकच वाट उघडी, थेट विहिरीकडे.
तेव्हा मी गळ टाकत नव्हतो,
गळ घालत होतो.
पुढचे तीन शनिवार गिरणीत मी आणि उंदीर.

सुकरू तेव्हाच बोलला होता, दारातूनच,
“आमी याले गरी म्हंतो.
तू गरीले लावलं तुया आवडीचं.
मासा का तुया घरी जेवाले येते?”

तर चिन्नोरजी.
त्याचा हात नदीपलीकडे राहिला, असं निघालं.
कसं निघालं? हेमलतानं विचारलं,
टिकारामनं अंदाज केला, लीलाधर खोटं बोलला,
आणि मी ते खरं धरलं.
चौघं काठावर आले.
नकाशात नदी नव्हती.
मी पेनानं ओढली, तोलकाट्याच्या टोकापर्यंत,
जरा जास्तच रुंद झाली.

“नाव?” लीलाधरनं विचारलं.
मी पानं चाळत राहिलो.

“आहे,” दारातून आवाज आला. “माही आहे.”
सुकरू उठला, पोत्यावर टेकला,
फासा मुठीत धरून बराच वेळ हलवला,
जणू त्यात काही शिजत होतं.

चार.

चार म्हणजे वाईट. मी हळूच सांगितलं :
तळ फुटका आहे, काका. पाणी येतंय.
“फुटका तं फुटका. उपसत जाऊ.”
त्यानं प्रत्येकाला काम नेमलं, हेमलताला सुकाणू,
लीलाधरला चिन्नोरजीचा डावा हात धरायला,
आणि टिकारामकडचं पितळी मापटं
माझ्यापुढं धरलं.

मी म्हटलं, मी खेळात नाही, मी तर सांगणारा.

“पानी इचारते का?”

मी मापटं घेतलं.
वही पत्र्यावर उघडी होती. विहिरीत दिवा तसाच.
पलीकडच्या काठावर काय आहे,
खरं सांगतो,
मला माहीत नव्हतं.
मी वाकलो.